पुढचे चाक

स्मरणिकेच्या संपादक मंडळाला आमच्याकडून वेगळा लेख हवा होता. इतिहासाचा शिक्षक म्हटला की संस्थेची पायाभरणी, पत्र्याच्या खोलीतली पहिली तुकडी, घरोघर धान्य मागून चालवलेले वसतिगृह हे विषय आपोआप त्याच्या वाट्याला येतात. त्यांवर आमच्याहून अधिकारी मंडळी लिहितीलच. आम्हाला लिहायचे आहे ते मोटारसायकलच्या एका टायरविषयी. विषय ऐकून संपादकांनी क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहिले. पण त्या टायरच्या निमित्ताने आपल्याच वसतिगृहात वाढलेल्या एका विद्यार्थ्याने आम्हाला जे शिकवले, आणि ज्याची आठवण करून दिली, ते नोंदवायला याहून योग्य जागा आम्हाला दिसत नाही.

आमच्याकडे २०१४ सालची रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० आहे. आपल्याकडे तिला क्लासिक कोणी म्हणत नाही, सगळे बुलेटच म्हणतात. २०१८ मध्ये एका सहकाऱ्याकडून ती जुनी विकत घेतली. घरात मुलांच्या शिक्षणाचे हप्ते चालू होते. स्कूटरवर भागत असताना या वयात बुलेट कशाला, असे सर्वांनीच विचारले. खरे कारण आम्ही कोणाला सांगितले नाही. आमचे वडील सायकलवरून कामाला जात. गावातल्या एका वाड्यासमोर आले की ते सायकलवरून उतरत, ती हातात धरून चालत आणि वाडा मागे पडला की पुन्हा बसत. मागच्या कॅरिअरवर आम्ही असू, आम्हीही उतरत असू. तसा नियम कोणी तोंडाने सांगितला नव्हता, सांगायची गरजही नव्हती. बुलेट घेतल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी आम्ही तिच्यावर बसून त्या वाड्यासमोरून गेलो. वाडा अर्धा ढासळलेला होता, दारात एक शेळी बांधलेली होती. आमच्याकडे कोणी पाहिलेही नाही.

गेली काही वर्षे दिवाळीच्या सुटीत आम्ही चार शिक्षक मोटारसायकलींवरून बाबासाहेबांच्या चळवळीशी जोडलेल्या एखाद्या ठिकाणी जातो. महाड झाले, येवले झाले. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जात असला तरी त्यावर दुचाकीला मज्जाव आहे, त्यामुळे आमचा प्रवास जुन्याच रस्त्यांनी होतो. त्याचे आम्हाला वाईट वाटत नाही. बाबासाहेब गेले ते रस्ते तेच होते. २०२४ च्या दिवाळीत चाळीसगावला जायचे ठरले. बुलढाण्याहून धाड, भोकरदनमार्गे छत्रपती संभाजीनगर, तिथे नागसेनवनात मिलिंद महाविद्यालयाच्या आवारात थोडा वेळ, मग वेरूळ, कन्नड आणि औट्रम घाट उतरून चाळीसगाव. एका बाजूने साधारण अडीचशे किलोमीटर.

त्या प्रवासाच्या तयारीसाठी सप्टेंबरात आम्ही त्या विद्यार्थ्याच्या दुकानात गेलो. तो दहावीच्या २००४ च्या तुकडीतला. मलकापूर मार्गावर त्याचे टायरचे दुकान आहे. हवा भरायचे यंत्र, टायर काढायचे यंत्र, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि टायरच्या उतरंडी. आमच्या गाडीचा मागचा टायर पार टकला झाला होता आणि तेवढाच बदलायचा होता. पुढच्याची नक्षी शाबूत होती. शाबूत नक्षीचा टायर फेकून देणे आमच्या पिढीला पटत नाही.

त्याने मागचा टायर पाहिला आणि मान हलवली. मग न विचारता पुढे जाऊन बसला. पुढच्या टायरच्या बाजूवरून त्याने अंगठ्याचे नख फिरवले. उन्हात तापलेल्या काळ्या जमिनीला पडतात तशा, पण केसाएवढ्या बारीक भेगा तिथे होत्या. मग ओल्या फडक्याने धूळ पुसून त्याने एक लंबगोल शिक्का दाखवला. त्यात चार आकडे होते, १११४.

"सर, हा चौदा सालच्या अकराव्या आठवड्यात बनलेला आहे. तुम्ही कधी बसवला?"

"एकोणीस साली. नवा म्हणून घेतला."

"नवाच होता. पाच वर्षं दुकानात पडून नवा होता."

आम्ही जवळजवळ तीस वर्षे वर्गात अशोकाचे शिलालेख शिकवत आलो आहोत. कोणता लेख कोणत्या लिपीत, त्यावरून काळ कसा ठरतो, हे मुलांकडून घोकून घेतले आहे. आणि ज्याच्या भरवशावर आम्ही रोज रस्त्यावर उतरतो त्या वस्तूवर तिची जन्मतारीख कोरलेली असते, हे आम्हाला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कळले. त्याने उरलेला लेखही वाचून दाखवला. ९०/९०-१९ म्हणजे टायरची रुंदी ९० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ९० टक्के, आणि रिमचा व्यास १९ इंच. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच नांदतात, याचे आम्हाला नवल वाटले. पुढे ५२पी. त्यातला ५२ हा वजनाचा सांकेतिक आकडा, म्हणजे २०० किलो. पी हे अक्षर वेगाचे, म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंत. "तेवढं पळवू नका," तो म्हणाला. शिवाय एक बाण असतो. चाक कोणत्या दिशेने फिरायला हवे ते तो दाखवतो. काही टायरांवर पुढच्या चाकासाठी एक आणि मागच्यासाठी उलटा असे दोन बाण असतात, कारण मागच्या चाकावर मुख्य जोर गाडी ढकलण्याचा येतो आणि पुढच्यावर ती थांबवण्याचा.

रबर जुने झाले की नक्षी कितीही खोल असली तरी ते कडक होते. कडक रबर रस्त्याला धरत नाही, कोरड्यात एक वेळ निभावते, ओल्यात निभावत नाही. हे तो सांगत होता आणि आमच्या डोळ्यांसमोर राजूरचा घाट उभा राहत होता.

जुलै २०२१. आम्ही दोघे पती-पत्नी मलकापूरला रेल्वे गाठायला निघालो होतो. रिमझिम पाऊस, राजूर घाटाचा उतार, वेग तिशीच्या आतबाहेर. एका वळणावर ट्रॅक्टरच्या चाकांतून पडलेली माती रस्त्यावर पसरली होती. समोरून जीप आली म्हणून आम्ही पुढचा ब्रेक थोडा दाबला आणि हँडल हातातून कोणीतरी काढून घ्यावे तसे निघून गेले. मागचे चाक घसरले तर माणसाला सावरायला क्षणभर मिळतो, गाडी आधी शेपूट हलवते. पुढचे घसरले की मिळत नाही. आम्हाला खरचटले. यांच्या डाव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते, आणि थंडीत अजूनही त्या हाताने त्यांना पिळे घालता येत नाहीत. त्या अपघाताचा दोष आम्ही तीन वर्षे मातीला दिला, ट्रॅक्टरवाल्याला दिला, जीपवाल्यालाही दिला. टायरची नक्षी शाबूत होती, म्हणून त्याच्यावर संशय गेलाच नाही. तोच टायर आम्ही पुढे तीन वर्षे वापरत राहिलो. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले, तेव्हा पहिली बातमी टायर फुटल्याची होती. पुढे तपासात ती टिकली नाही, पण महिनाभर जो तो टायरविषयी बोलत होता. शिक्षक खोलीत आम्हीही बोललो. बाहेर उभ्या असलेल्या स्वतःच्या गाडीकडे वाकून पाहावे, हे सुचले नाही.

आपल्याकडची सार्वत्रिक रीत हीच आहे. मागचा टायर लवकर झिजतो, कारण इंजिनाची ओढ त्याच्यावर असते. झीज डोळ्यांना दिसते, म्हणून पैसा तिकडे जातो. पुढचा हळू झिजतो, म्हणून तो नवा वाटत राहतो. ब्रेक लावला की गाडीचे आणि बसणाऱ्यांचे वजन पुढे सरकते. घाट उतरताना तर ते आधीच पुढे आलेले असते. गाडी थांबवण्याचे बहुतेक काम पुढचे चाक करते आणि वळवण्याचेही तेच करते. दोन्ही कामे तळहाताएवढ्या रबराने करायची असतात, कारण एका क्षणी जमिनीला टेकलेले असते ते तेवढेच. "सर, गाडी म्हणजे काय? एवढं," असे म्हणून त्याने स्वतःचा काळा पंजा दाखवला. मिलिंद राजाला भदंत नागसेनांनी विचारले होते, आस म्हणजे रथ काय, चाक म्हणजे रथ काय. आम्हाला तो प्रसंग वर्गात शिकवताना नेहमी रंगवता येतो. त्या दिवशी त्याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते.

मग पुढचा टायर कोणता घ्यायचा, हा प्रश्न आला. आम्ही काही वाचून गेलो होतो, आणि अर्धवट वाचलेला माणूस गिऱ्हाईक म्हणून फार त्रासदायक असतो. आम्ही म्हणालो, रुंद टायर बसव. २०२१ नंतरच्या नव्या क्लासिकला कंपनीनेच पुढे १००/९०-१९ दिला आहे. तो म्हणाला, त्या गाडीचा पुढचा भाग वेगळा, रिम वेगळी. जुन्या अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याची गोलाई बिघडते, हँडल जड होते आणि मडगार्डखालची जागा कमी पडते, त्यात चिखल अडकतो. कंपनीच्या पुस्तकात तुमच्या गाडीला जे माप आहे तेच माप. मग आम्ही बटण टायर सुचवला, मोठमोठ्या गोट्यांचा. काळ्या मातीत तो धरतो, हे खरे. पण आमचा प्रवास डांबरी रस्त्याचा. डांबरावर बटण टायर गोट्यांच्या माथ्यांवरच उभा राहतो, वळणावर त्या गोट्या लवतात आणि गाडी पायाखाली हलल्यासारखी वाटते. शेतात राहणाऱ्याने तो घ्यावा. रिमोल्डचे नाव काढताच त्याने हातच जोडले. जुन्या सांगाड्यावर नवे रबर चढवलेला टायर पुढच्या चाकाला तो कोणालाच देत नाही, कितीही गयावया केली तरी.

उरला तो सरळ रेघांचा, ज्याला दुकानात रिब म्हणतात. चाकाच्या फिरण्याच्या दिशेने लांब चर असतात. त्यांतून पाणी निघून जाते आणि गाडी आपली रेघ सोडत नाही. आपल्याकडे पुढे रिब आणि मागे चौकटीची नक्षी, ही जोडी जुन्या बुलेटपासून चालत आली आहे. ती नुसती जुनी सवय असावी असा आमचा समज होता. तिच्यामागे कामाची वाटणी आहे: मागच्याने ओढायचे, पुढच्याने वाट धरायची.

रबराच्या जातीविषयी तो जे बोलला ते मात्र आम्हाला फार आवडले. (जात हा शब्द त्याचा. आम्ही हसलो, तोही हसला.) कडक रबर जास्त किलोमीटर चालते, पण कमी धरते. मऊ रबर घट्ट धरते, पण लवकर संपते. गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतो, किती चालेल? किती धरेल, असे विचारणारा महिन्यातून एखादा येतो. हवेचेही तसेच. जास्त भरली की टायर दगडासारखा उड्या मारतो आणि टेकणारा भाग कमी होतो. कमी भरली की तो बसतो, तापतो, हँडल ओढू लागते. सोण नावाचा भिक्खू चंक्रमण करून करून पायांतून रक्त येईपर्यंत थकला, तेव्हा तथागतांनी त्याला वीणेच्या तारांची उपमा दिली होती. तार फार ताणलेली नको, फार सैलही नको. आपल्या विहारात हा प्रसंग ऐकला नाही असा विद्यार्थी नसेल. यानेही तो इथेच ऐकला होता. "तेव्हा नुसता ऐकला होता, सर. समजला इथं," तो हवेच्या काट्याकडे बोट दाखवून म्हणाला.

त्याच्याकडे आमच्या मापाचा एक रिब टायर शिल्लक होता. शिक्का पाहून त्याने तो परत वर ठेवला. तीन वर्षांचा होता. "चालतो, दुसऱ्याला सांगून देईन. तुम्ही घाट उतरणार, आठ दिवस थांबा." आम्ही थांबलो. तीन वर्षांचा टायर गप्प बसून आमच्या गळ्यात मारणे त्याला सहज शक्य होते. याआधी एका दुकानाने तेच केले होते, आणि आम्हाला फरक कळला नव्हता.

त्या आठ दिवसांत आमच्यातला इतिहासाचा विद्यार्थी जागा झाला. रबर गंधकाबरोबर तापवले की ते टिकाऊ होते, हे चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये शोधले. हवेच्या चाकाची कल्पना रॉबर्ट थॉमसन याने १८४५ मध्येच पेटंट करून ठेवली होती, पण तिला कोणी विचारले नाही. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेची नळी बसवली आणि जग बदलले. मुलाला धक्के बसू नयेत, एवढाच बापाचा हेतू होता. पण सायकलींची आणि पुढे मोटारींची चाके फिरू लागली तशी रबराची भूक वाढली, आणि बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या खासगी मालकीच्या काँगोत रबराचा कोटा न भरणाऱ्या माणसांचे हात तोडले गेले. १९०८ पर्यंत तो मुलूख त्याचा होता. पाठ्यपुस्तकातल्या साम्राज्यवादाच्या धड्यात ही हकीकत नसते. आमच्या वर्गात ती आता असते. आपल्याकडची एमआरएफ १९४६ मध्ये मद्रासच्या एका शेडमध्ये मुलांचे फुगे बनवण्यापासून सुरू झाली, आणि सिएट हे नाव इटलीतल्या तुरीन शहरातून आले, हे सांगितले की मुले अधिक खूश होतात.

आठव्या दिवशी टायर आला. शिक्का दोन महिन्यांपूर्वीचा. किंमत दोन हजारांच्या आसपास, शिवाय नवी ट्यूब. आमच्या गाडीला आऱ्यांचे चाक आहे, त्यामुळे ट्यूबलेसचा प्रश्न नव्हता. ट्यूब मात्र जुनी वापरायची नाही, हे त्याने बजावले. ट्यूब फाटली की हवा एका दमात जाते आणि पुढच्या चाकात ते परवडत नाही.

तो चाक काढत होता. आम्ही स्टुलावर बसलो होतो. त्याने विचारले, "चाळीसगावला काय आहे, सर?"

आम्ही सांगू लागलो. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी ते लिहून ठेवले आहे. १९२९ साल. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी समिती नेमली होती आणि बाबासाहेब तिचे सदस्य होते. खानदेशातले काम आटोपून परतताना ते चाळीसगावला उतरले, कारण धुळ्याच्या लोहमार्गावरच्या एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता. ती चौकशी करून संध्याकाळी परत आले तर स्टेशनावर आपली माणसे हार घेऊन उभी. मुक्काम महारवाड्यात. अंतर दोन मैल. टांगे पुष्कळ उभे होते, पण निघायचे नाव कोणी काढीना. तासाभराने एक टांगा आला. दोनशे पावलांवर तो एका मोटारीवर आदळता आदळता राहिला. पुढे नदीवरची फरशी आली. तिला कठडे नव्हते, काही अंतरावर एकेक दगड रोवलेला. रस्त्यावरून तिच्यावर काटकोनात वळायचे होते. घोडा उधळला, चाक दगडाला धडकले, बाबासाहेब उचलले जाऊन फरशीवर पडले, आणि घोड्यासह टांगा नदीत गेला. पाय मोडला. कितीतरी दिवस ते अंथरुणाला खिळून होते. मागाहून कळले, टांगेवाल्यांनी अस्पृश्याचा टांगा हाकायला नकार दिला होता. बाबासाहेबांनी पायी यावे, हे आपल्या लोकांना मानवत नव्हते. शेवटी तोड निघाली: टांगा भाड्याने घ्या, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. आपल्यातलाच एक जण बसला. त्याने कधी टांगा हाकलेला नव्हता.

विद्यार्थी लोखंडी पट्टीने टायरची कड रिमवर चढवत होता. तो थांबला. "मग बाबासाहेबांनी त्याला काय म्हटलं?"

त्या माणसाविषयी रागाचा एक शब्द नाही, हे आम्ही सांगितले. बॅरिस्टरापेक्षाही स्वतःला उच्च समजणाऱ्या टांगेवाल्याविषयी त्यांनी लिहिले आहे. आणि आपल्या माणसांविषयी एवढेच, की पाहुण्याच्या मानापेक्षा त्याचा जीव महत्त्वाचा, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

हे वाक्य आम्ही व्याख्यानांत अनेकदा सांगितले आहे. त्या दिवशी ते तोंडातून निघाले आणि आम्हाला तो ढासळलेला वाडा आठवला, तिथून ऐटीत नेलेली बुलेट आठवली, तिच्या पुढच्या चाकातला पाच वर्षांचा शिळा टायर आणि यांचे मनगट.

तो म्हणाला, "म्हणजे टांगा होता, घोडा होता, माणूसही आपला होता. हात बसलेला नव्हता." आणि मग, पट्टी हातातच ठेवून, हसत, "सर, तुम्ही मला नववीत म्हणाले होते. पुस्तकात लक्ष नसेल तर उद्या रस्त्यावर पंक्चर काढत बसशील. काढतोच आहे."

आम्हाला ते आठवत नव्हते. पण खोटे वाटले नाही, कारण ते वाक्य आम्ही पुष्कळ मुलांना म्हटले आहे. आम्हालाही आमच्या शिक्षकांनी म्हटले होते. शब्द वेगळे होते, ढोरे राखशील.

"वाईट नाही वाटलं," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "वाटलं होतं. त्या रात्री जेवलो नव्हतो. माझे बाबा तेच करायचे ना सर. मोताळ्याला, झाडाखाली. सायकलचं पंक्चर."

वसतिगृहात आलेल्या प्रत्येक मुलाच्या अर्जात वडिलांचा व्यवसाय हा रकाना असतो. तो अर्ज आमच्या कपाटात होता. आम्ही तो कधी उघडून पाहिला नव्हता. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांचे प्रतिपादन त्याच वर्गात, कदाचित त्याच आठवड्यात, आम्ही फळ्यावर लिहून समजावले असेल. आमच्या वडिलांची ती सायकलही कुठल्यातरी झाडाखालीच दुरुस्त होत असणार.

आम्ही काहीतरी बोललो. चुकले, असे काहीसे. त्याने तोवर यंत्र सुरू केले होते. "हवा भरू द्या सर," तो ओरडून म्हणाला, "याच्या आवाजात काही ऐकू येत नाही." ऐकू आले होते की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळले नाही. पैसे मात्र त्याने पूर्ण घेतले. ते आम्हाला बरे वाटले.

पहिले दीडशे किलोमीटर जपून चालवा, असे त्याने सांगितले होते. नव्या टायरवर साच्यातला गुळगुळीतपणा असतो, तो रस्त्यावर घासून जावा लागतो. तोवर जोराचा ब्रेक नाही, वळणावर झुकणे नाही. दिवाळीपर्यंत आम्ही शाळा ते घर आणि चिखलीच्या दोन फेऱ्या करून ते अंतर पुरे केले. शाळेतल्या मुलांनी सरांची बुलेट बिघडली असे ठरवून टाकले.

ठरल्या दिवशी आम्ही चौघे निघालो. यांना आम्ही आग्रह केला नव्हता, त्या स्वतःच मागे बसल्या. नागसेनवनात चहा घेतला, वेरूळला दहाव्या लेण्यात, विश्वकर्मा म्हणतात त्या चैत्यगृहात, काही काळ शांत बसलो. कन्नड सोडून औट्रम घाट लागला तेव्हा उन्हे कलली होती. घाट वळणावळणांचा आहे आणि खाली खानदेशाचे सपाट रान दिसत राहते. एका वळणावर खडी पसरलेली होती. आम्ही वेग आधीच कमी केला होता. पुढचा ब्रेक हलका दाबला आणि गाडी आपल्या रेघेवर राहिली. मागून यांनी आमचा खांदा धरला होता, तो पुढच्या सरळ रस्त्यावर सोडला.

चाळीसगावात स्टेशनासमोर गाड्या लावून आम्ही पायीच गावात फिरलो. नदीकाठी थोडा वेळ उभे राहिलो आणि तिथेच त्रिसरण-पंचशील घेतले. मग त्याला फोन लावला. पोहोचलो, घाट चांगला उतरलो, टायरने उत्तम धरले, असे सांगितले.

"हवा पाहिली का?" त्याने विचारले.

आता पाहतो, म्हणालो.

"आता नाही, सर. घाट उतरून टायर तापला असेल, काटा जास्त दाखवेल. उद्या सकाळी, गाडी न हलवता."

सकाळी सातला शेजारच्या पंक्चरच्या दुकानातून काटा मागून आणला. पुढच्या चाकात दोन पौंड कमी होती. दुकानदाराने ती भरली आणि पैसे घ्यायला तो तयार होईना, तेव्हा आम्ही दहाची नोट त्याच्या बाकावर ठेवून निघालो.